कॉलनीमागे गरीब ज्येष्ठांसाठी घरं होणार : हरकत घ्यायची तर नेमकी कशावर?

गिरणाकाठ (धागाकर्ती)

जळगाव जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. कॉलनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, वाद अजून चालू आहे आणि इथले बरेच जण एकमेकांना ओळखतात. आमच्या शेवटच्या गल्लीमागे नगरपालिकेची मोकळी जागा आहे. तिथे साठ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या माणसांसाठी भाड्याची घरं बांधायचा प्रस्ताव आलाय. तळमजला आणि वर तीन मजले, एक खोली, ओटा, आत संडास-न्हाणी अशी साठ-सत्तर घरं. विकास आराखड्यात ही जागा बगिच्यासाठी दाखवलेली आहे, म्हणून आरक्षण बदलाची नोटीस पेपरात आली.

रविवारी मारुतीच्या मंदिरात बैठक झाली आणि "सदर प्रकल्प रद्द करावा" असा सह्यांचा कागद फिरला. मी सही केली नाही. पाण्याबद्दल, गटाराबद्दल, रस्त्याबद्दल जे बोललं गेलं ते मला सगळं पटलं. पण एक जण म्हणाले, "रोज दारावरून तिरडी जाताना बघायची का?" आणि त्यांना कोणी थांबवलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं.

मी आरोग्यसेविका होते. या तालुक्यातली म्हातारी माणसं मी घरोघर पाहिली आहेत. त्यातले कितीतरी जण सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतगडी होते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल धरायचं, पुढच्या आखाजीला हिशोब करून पुन्हा धरायचं. ना फंड, ना ग्रॅच्युइटी. बाया कापूस वेचून, केळीच्या बागेत निंदणी करून म्हाताऱ्या झाल्या. आज श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये, रेशनचं धान्य आणि कोणाच्या तरी पडवीतली जागा एवढ्यावर त्या दिवस काढतात. एक आजी मला म्हणायची, "पोऱ्या सुरतमा शे, मी आठे एकली शे. मन्हं कोन शे आठे?" (मुलगा सुरतला, मी इथे एकटी. माझं कोण आहे इथे?) अशा माणसांना दार लावून झोपता येईल अशी खोली मिळत असेल तर ती नको म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

पण आंधळेपणाने हो म्हणणंही मला मान्य नाही. इमारत उभी राहील, फीत कापली जाईल, आणि नंतर? टाकी कोण धुणार, रात्री कोणी पडलं तर दार कोण उघडणार, लिफ्टचं बिल कोण भरणार? प्रस्तावात यावर एक ओळसुद्धा नाही. मला वाटतं, आपली हरकत तिथे असायला हवी. ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी मनापासून लिहा.

कपाशी_काळी_जमीन

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मी सही केली आहे आणि का केली ते सांगतो. त्या जागेला लागून माझा प्लॉट आहे. शेत विकून आणि बँकेचं कर्ज काढून घर बांधलंय, अजून बारा वर्षं हप्ते आहेत. घेताना एजंटाने नकाशा दाखवून सांगितलं होतं की मागे बगिचा होणार. आता तिथे चार मजली इमारत आली तर माझ्या मागच्या खिडकीत भिंत येणार. पाणी आजच चार दिवसांआड येतं. पावसाळ्यात गल्लीतलं गटार उलटं येऊन ओट्यावर चढतं. म्हाताऱ्यांविरुद्ध माझ्या मनात काही नाही, माझे आई-वडील माझ्याजवळच आहेत. पण दरवेळी भार आमच्याच कॉलनीने का उचलायचा, हा प्रश्न चुकीचा आहे का?

निळा_नकाशा

दादा, प्रश्न अजिबात चुकीचा नाही. मी सिव्हिलवाला आहे, नगररचनेची कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट : ती जागा नक्की कोणती आहे ते बघा. विकास आराखड्यातलं बगिच्याचं आरक्षण आणि तुमच्या लेआउटमधला ओपन स्पेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४००० चौरस मीटर किंवा जास्त क्षेत्राच्या लेआउटमध्ये १० टक्के जागा खुली सोडावी लागते, आणि ती प्लॉटधारकांच्या वापरासाठी असते. ती जर हीच जागा असेल तर तिच्यावर निवासी इमारत उठवताच येत नाही, विषय तिथेच संपतो. आराखड्यातलं आरक्षण असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करता येतो. त्यासाठी नोटीस काढून एक महिन्यात हरकती-सूचना मागवाव्या लागतात, हरकत घेणाऱ्यांची सुनावणी घ्यावी लागते, आणि मग प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे जातो. म्हणून मंजूर रेखांकनाची (लेआउटची) प्रत, विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला हे तीन कागद आधी हातात घ्या. त्याशिवाय बैठकीत होणारी चर्चा अंदाजावरच चालणार.

दुसरं पाणी. सरकारी मापदंड भुयारी गटार असलेल्या गावात माणशी रोज १३५ लिटर आणि नसेल तिथे ७० लिटर असा आहे. आपण मोठाच आकडा धरू. सत्तर घरांत काही जोडपी असतील, म्हणजे शंभर माणसं धरा. रोजचे १३,५०० लिटर. चार दिवसांआड नळ येत असेल तर किमान ५४ हजार लिटरची जमिनीखालची टाकी लागेल. ती प्रस्तावात नसेल तर ही माणसं पाण्यासाठी तुमच्या नळावर येणारच, आणि भांडण त्यांच्याशी होईल. चूक मात्र नकाशा काढणाऱ्याची असेल. छताचं पाणी अडवायला सांगा. आपल्याकडे वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. ६०० चौरस मीटरचा स्लॅब असेल तर गळती-वाफ वजा जाता तीन लाख लिटरच्या वर पाणी मिळतं. ते बोअरमध्ये सोडलं तर तुमच्याही बोअरला फायदा.

गटाराचं मात्र मला खरंच काळजीचं वाटतं. भुयारी गटार नसलेल्या गावात शंभर माणसांचं सांडपाणी उघड्या गटारात सोडणं म्हणजे आजाराला बोलावणं. इमारतीच्या आवारातच छोटं शुद्धीकरण केंद्र आणि शोषखड्डा हवा. यावर तडजोड करू नका.

शिरीषाची_सावली

मी त्याच कॉलनीत राहते. जागेबद्दल बायकांना कोणी विचारलेलं नाही, म्हणून लिहिते.

ती जागा कागदावर बगिचा असेल, पण आमच्यासाठी ते अंगण आहे. चैत्र-वैशाखात आम्ही सगळ्या मिळून बिबडे, पापड, कुरडया तिथे घालतो. पहाटे चुली पेटतात, दुपारी खाटांवर वाळवण. कानबाईच्या उत्सवाच्या वेळी सगळे भाऊबंद तिथेच जमतात. पोरं रोज संध्याकाळी क्रिकेट खेळतात, दुसरीकडे जायला हायवे ओलांडावा लागतो. एवढं सगळं एका इमारतीखाली जाणार असेल तर दुखणारच.

तरी मी रद्द करा असं म्हणणार नाही. माझी सासू आजही सगळ्यात उत्तम बिबड्यांचं पीठ शिजवते, आणि येणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये तशा कितीतरी असतील. माझं म्हणणं एवढंच की अर्धी जागा मोकळी ठेवा आणि तिला कुंपण घालून फाटक लावू नका. त्यांनी आणि आम्ही दोघांनी वापरायची.

केळीबाग

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. कोणत्या वस्तीतली माणसं आणणार हे कोणी सांगत नाही. गावाबाहेरच्या झोपड्यांतून आणून बसवणार का? राहणी वेगळी असते, खाणं-पिणं वेगळं असतं. नंतर त्यांची पोरं, जावई, पाहुणे येऊन राहणार. पुढे ती खोली दुसऱ्यालाच भाड्याने जाणार. गावोगावच्या घरकुलांचं काय झालं ते आपण बघितलंय.

आप्पा_जंक्शन

केळीबाग, तुमच्यापेक्षा वयाने मोठा असेन म्हणून बोलतो. भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये माझी सगळी नोकरी गेली. एका भिंतीपलीकडे तामिळनाडूचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला बंगालचं, समोर आपल्या भिल्ल समाजातला पॉइंट्समन. मासळीचा वास यायचा, उडदाच्या डाळीच्या फोडणीचाही जायचा. भांडणं नळावर व्हायची, खाण्यावरून झालेली मला आठवत नाहीत. सत्तरीच्या माणसाची जात-वस्ती विचारून खोली द्यायची असेल तर तो प्रकल्प न झालेला बरा, असं मी उघडपणे म्हणतो. ज्यांनी तुमच्या-माझ्या शेतात राबून कंबर वाकवली त्यांना बाहेरचं कसं म्हणायचं?

पाहुणे आणि पोटभाडेकरूंचा मुद्दा मात्र वेगळा आहे आणि तो खरा आहे. त्यावर नियम हवाच. कोणी कायदा जाणणारे असतील तर सांगा.

पांझरेपल्याड

धुळ्याला वकिली करतो. आप्पा, नियम सोपा ठेवता येतो. घर मालकीने द्यायचंच नाही, राहण्याचा परवाना द्यायचा, दरवर्षी नूतनीकरण. राहणारी व्यक्ती वारली किंवा कायमची मुलाकडे गेली की खोली पालिकेकडे परत. जोडपं असेल तर मागे राहिलेल्याचा हक्क कायम. वारसाची नोंद नाही. हे वाटपाच्या अटींत आधी लिहिलं तर टिकतं. इमारत भरल्यावर नियम आणायला गेलात तर एकेकाशी खटला लढावा लागतो.

"मुलांनी सांभाळावं, सरकारने कशाला?" हे बैठकीत नक्की कोणीतरी म्हणालं असेल. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा २००७ चा आहे. मुलगा सांभाळत नसेल तर न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे प्रांत साहेबांकडे, अर्ज करता येतो आणि महिना १० हजारांपर्यंत निर्वाह खर्च ठरवून मिळतो. पण मी असे अर्ज चालवले आहेत. ज्याचा मुलगा स्वतःच रोजंदारीवर आहे, त्याच्याविरुद्ध आदेश मिळवून आईच्या पदरात काय पडणार? आणि बऱ्याच आया मुलाविरुद्ध अर्जच करत नाहीत. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांची सोय असलेलं निवासस्थान उभारण्याची तरतूद शासनासाठी आहे. म्हणजे मुलांची जबाबदारी आणि शासनाची जबाबदारी दोन्ही एकाच कायद्यात शेजारी-शेजारी लिहिलेल्या आहेत. एकीचं नाव घेऊन दुसरी टाळता येत नाही.

अर्धवट इमारतीची भीती खोटी नाही. जळगावच्या घरकुल घोटाळ्याच्या प्रकरणात सुमारे ११ हजार घरं बांधायची होती, त्यातली थोडीच पूर्ण झाली. खटला आमच्या धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ ला ४८ जणांना शिक्षा झाली. त्या निकालाच्या दिवशी मी कोर्टाच्या आवारात होतो. खान्देशात घरकुल म्हटलं की लोक दचकतात, याला कारण आहे. कपाशी दादांच्या प्लॉटचा भाव म्हाताऱ्या शेजाऱ्यांमुळे पडणार नाही. मागे वर्षानुवर्षं सळया बाहेर आलेला सांगाडा उभा राहिला तर नक्की पडेल. म्हणून टप्प्याटप्प्याने बांधकाम मागा : आधी पाण्याची टाकी, गटार, रस्ता, मग तळमजला पूर्ण करून माणसं राहायला, मग वरचे मजले.

कपाशी_काळी_जमीन

वकीलसाहेब, हे टप्प्यांचं मला पटतं. आणि उंची? चार मजले कशाला? दोन मजले केले तर खिडकीतला उजेडही राहील आणि माणसंही कमी येतील.

निळा_नकाशा

दोन मजल्यांची मागणी जरूर करा, आणि त्यासाठी तुमच्या खिडकीपेक्षा मोठं कारण आहे : आपला उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या पुढे जातो. ही माणसं धाब्याच्या, जाड मातीच्या भिंतींच्या घरांत आयुष्य काढलेली. त्यांना सगळ्यात वरच्या मजल्यावर उघड्या स्लॅबखाली पश्चिमेच्या भिंतीला ठेवलं तर रात्री दोन वाजतासुद्धा भिंत गरम लागते. उष्माघाताने सगळ्यात आधी म्हातारी माणसंच जातात. त्यामुळे पश्चिमेला जिने आणि न्हाणीघरं, राहायच्या खोल्या उत्तर-दक्षिण, स्लॅबवर पांढरा लेप, व्हरांडे रुंद. यात खर्च फार वाढत नाही, नकाशा काढतानाच विचार लागतो.

लिफ्टवर भरवसा ठेवू नका. वीज गेली, जनरेटरला डिझेल नाही, की तिसऱ्या मजल्यावरची गुडघे गेलेली बाई घरातच कैद. रॅम्पचा उतार १ ला १२ असावा लागतो, म्हणजे जोतं ६० सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प ७.२ मीटर लांब हवा. नकाशात तेवढी जागा दाखवली आहे का ते मोजपट्टी लावून बघा. बहुतेक वेळा नुसता तिरका दगड टाकलेला असतो.

उधना_पहिली_पाळी

मी सुरतला पॉवरलूमवर आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा, जिकडे बघाल तिकडे आपले खान्देशातलेच लोक. मोबाईलवर वाचतोय म्हणून चुका सांभाळून घ्या.

गिरणाकाठ ताईंनी त्या आजीचं वाक्य लिहिलं, ते वाचून मी बराच वेळ थांबलो. माझी आई पण तशीच गावाला एकटी आहे. दहा बाय दहाच्या खोलीत मी, बायको, दोन पोरं. तिला आणली होती. खाली उतरून बसायला जागा नाही, बोलायला कोणी नाही, लूमचा आवाज रात्रंदिवस. महिनाभरात म्हणाली, मला गावाला सोड. मी दर महिन्याला पैसे पाठवतो, दर रात्री फोन करतो. पण तिने फोन उचलला नाही की मला इथे यंत्रावर हात चालत नाही. ताप्ती लाईनची गाडी धरून घरी पोचायला अख्खी रात्र जाते.

तुम्ही कॉलनीवाले लोक शिकलेले आहात. कायदा, नकाशा मला कळत नाही. एवढंच सांगतो की जी माणसं तिथे राहायला येतील त्यांच्यापैकी पुष्कळांना मुलं आहेत आणि मुलं नालायक नाहीत. आम्ही भाडं भरू. शेजारी कोणीतरी आहे एवढं कळलं तरी आमची पाळी नीट जाईल.

केळीबाग

दादा, तुमच्या आईला नमस्कार सांगा. माझा पोटभाडेकरूंचा मुद्दा वकीलसाहेबांच्या अटीने सुटत असेल तर त्यावर माझी हरकत राहणार नाही. बाकी मला विचार करू द्या.

तूरडाळ

भाडं किती असणार? वर १५०० रुपयांचा उल्लेख आला. त्यातून हजार भाडं गेलं तर राहिलं काय?

गिरणाकाठ (धागाकर्ती)

तूरडाळ, हाच माझा सगळ्यात काळजीचा मुद्दा. श्रावणबाळला पात्र व्हायला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं, म्हणजे हे खरोखर तळातले लोक आहेत. त्यांचे पैसेही कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. सत्तरीच्या पुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, गुडघ्याला लावायचं तेल, चष्मा हे खिशातूनच. ग्रामीण रुग्णालयात गोळ्या मिळतात, पण ते गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि रिक्षाचेच जाऊन-येऊन पैसे होतात. म्हणून ज्यांचं फक्त निवृत्तिवेतनावर चालतं त्यांच्याकडून नाममात्र भाडं, आणि ज्यांची मुलं भरू शकतात त्यांच्याकडून थोडं जास्त, असं हवं. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघणार नाही. तो पालिकेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी वेगळ्या शीर्षाखाली दाखवला पाहिजे. तसा ठराव सभागृहात आधी व्हावा, मग कुदळ मारावी.

दुसरं, रात्रीचा माणूस. नुसता वॉचमन नको. एक प्रशिक्षित काळजीवाहक, ज्याला रक्तदाब मोजता येतो, १०८ ला फोन करता येतो आणि ज्याच्याकडे प्रत्येक खोलीची दुसरी किल्ली आहे. कितीतरी माणसं मी अशी पाहिली की पडल्यावर रात्रभर फरशीवर होती. पाय मोडला त्याने नाही, उशीर झाला त्याने ती गेली.

१०८ वरून आठवलं. आपली गल्ली कागदावर सहा मीटर आहे. प्रत्यक्षात ओटे, पायऱ्या, उभ्या गाड्या यांनी ती निम्मी राहिली आहे. रुग्णवाहिका आज आपल्यापैकी कोणासाठी आली तरी कोपऱ्यावरच थांबते. रस्ता मोकळा करा अशी मागणी आपण पालिकेकडे करणार असू तर आधी आपापल्या पायऱ्या आत घ्याव्या लागतील. माझ्या घराची पायरी बाहेर आहे, ती या आठवड्यात काढून घेतेय.

शिरीषाची_सावली

ताई, मग हरकतीचा मसुदा तुम्हीच लिहा. रद्द करा असं नको, अटींसह मान्य असं लिहा. आणि त्यात एक घाला : आखाजीला आणि दिवाळीला लेकी माहेरी येतात. पाहुण्यांना बंदी असा कोरडा नियम केला तर त्या म्हातारीला सणाला लेक भेटायची नाही. पंधरा दिवसांची मुभा असू द्या, नोंदवहीत नाव लिहून.

पांझरेपल्याड

चांगली सूचना. "सणासुदीला पंधरा दिवसांपर्यंत नातेवाईक, नोंद करून" असं लिहिता येईल.

आप्पा_जंक्शन

आणि मुदतीचं लक्षात ठेवा. एका कागदावर शंभर सह्या करण्यापेक्षा प्रत्येक घरातून वेगळा अर्ज द्या, म्हणजे सुनावणीला प्रत्येकाला बोलवावं लागेल.

गिरणाकाठ (धागाकर्ती)

मसुदा आज रात्री इथेच टाकते. थोडक्यात असा असेल : आरक्षण बदलाला संमती, पण जागेचा अर्धा भाग कुंपणाशिवाय सगळ्यांसाठी मोकळा. दोनच मजले. माणसं येण्याआधी पाण्याची टाकी, सांडपाण्याची सोय आणि रस्ता पूर्ण. मालकी नाही, परवाना, वारसाहक्क नाही. तालुक्यातल्याच रहिवाशांना आधी, जात-धर्म न पाहता, एकट्या बायांना अग्रक्रम. भाडं उत्पन्नाप्रमाणे. रात्रीचा काळजीवाहक आणि दुरुस्तीचा खर्च यांचा ठराव बांधकामाच्या आदेशाआधी. देखरेखीच्या समितीत कॉलनीतले दोघे आणि राहणाऱ्यांमधले दोघे.

ज्यांना "रद्द करा" असाच अर्ज द्यायचा आहे त्यांनी जरूर द्यावा, तो त्यांचा अधिकार आहे. पण त्यात पाणी-गटाराची कारणं लिहा, माणसांबद्दल काही लिहू नका.

कपाशी_काळी_जमीन

दोन मजले आणि टप्पे असतील तर मी तुमच्या मसुद्यावर अर्ज देतो. नाही मिळाले तर माझा विरोध कायम. सोमवारी नगररचना कार्यालयात जाऊन भाग नकाशा आणि मंजूर रेखांकनाची प्रत मागतो.

उधना_पहिली_पाळी

ताई, माझ्या आईचं नाव यादीत घालायचं तर अर्ज कुठे करायचा? आमचं गाव त्याच तालुक्यात आहे.

गिरणाकाठ (धागाकर्ती)

दादा, अजून यादी निघालेली नाही, कोणी पैसे घेऊन नाव घालतो म्हणाला तर देऊ नका. तोवर आईचं आधार, वयाचा दाखला, रेशनकार्ड आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. तिला श्रावणबाळ सुरू नसेल तर तो अर्ज मात्र आताच करा, तहसील कार्यालयात संजय गांधी योजना शाखा असते तिथे. काही अडलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात.

निळा_नकाशा

सगळ्यांना एक : अर्ज दोन प्रतींत न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.